ठाण्याची पहिली रेल्वे सरकारने बांधलीच नव्हती

१६ एप्रिल जवळ आला की ठाण्यात तोच फॉरवर्ड फिरतो, इंग्रज सरकारने स्वतःच्या पैशाने आपल्याला रेल्वे बांधून दिली म्हणे. साफ चुकीचंय. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे जी गाडी धावली ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या खाजगी कंपनीची, शेअरहोल्डर बहुतेक इंग्लंडमधले.

आणि पैशाचं तर नीट ऐकाच. १८४९ च्या करारात ईस्ट इंडिया कंपनीने रेल्वे कंपनीच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी दिली, वर जमीन फुकट, म्हणजे कमाई कमी पडली तरी फरक हिंदुस्थानच्या महसुलातून, आपल्याच शेतकऱ्याच्या साऱ्यातून भरायचा, मग खर्चाला हात आखडायचा कशाला? सरकारचा कन्सल्टिंग इंजिनिअर देखरेखीला असायचा, पण नुकसान रेल्वे कंपनीचं नव्हतंच ना. खरेदीही तिकडचीच, पहिली ८ इंजिनं लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीतून जहाजाने आली. चीफ इंजिनिअर जेम्स बर्कली, ठेका फॅव्हिएल अँड फाउलरचा, माती उपसली ती मात्र इथल्या मजुरांनी. पुढे ठाण्याच्या खाडीवर पूल टाकून १८५४ ला लाईन कल्याणला पोचली. नाना शंकरशेटांनी रेल्वेसाठी केलेली खटपट त्या फॉरवर्डमध्ये एका ओळीत पण नसते, याचा खरंच राग येतो.

सरकारने ही रेल्वे विकत घेतली १९०० साली, तरी कारभार कंपनीकडेच ठेवला. इंजिनिअरिंग, स्टोअर्स, खरेदी सगळं थेट सरकारच्या हातात आलं ते १९२५ ला, म्हणजे पहिल्या गाडीनंतर तब्बल ७२ वर्षांनी.