आधी सुरी, मग शेगडी

दिवसभराचं काम आटोपून स्वयंपाकघरात शिरलं की हात ठरलेल्या क्रमानेच चालतात. आधी पाणी तापत ठेवायचं, ते तापेपर्यंत भाजी चिरायची आणि चिरली की लगेच भांड्यात टाकायची. माझी ब्रोकोली कित्येक वर्षं अशीच शिजत होती. मग या भाजीच्या पेशींमध्ये नेमकं काय घडतं ते वाचनात आलं आणि मी क्रम उलटा केला. आता पहिलं काम ब्रोकोली चिरण्याचं, आणि तिच्यासाठी शेगडी पेटवायची ती अगदी शेवटी. मेहनत तेवढीच, भांडी तेवढीच, तरी ताटात येणारी भाजी मात्र बरीच वेगळी असते.

ब्रोकोलीचा गड्डा एकदा डोळ्यांजवळ धरून पाहा. वरचा खरखरीत हिरवा भाग म्हणजे अगदी बारीक कळ्यांची दाटी. आपण भाजी म्हणून जे खातो तो फुलांचा गुच्छ आहे, उमलण्याआधीच खुडलेला. तो झाडावर तसाच राहू दिला असता तर प्रत्येक कळीतून चार पाकळ्यांचं पिवळं फूल निघालं असतं. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि केल ही सगळी ब्रोकोलीची सख्खी भावंडं. वनस्पतिशास्त्राच्या लेखी ती एकाच प्रजातीची, ब्रासिका ओलेरेसियाची, रूपं आहेत. कुणाचं पान वाढवलं, कुणाचं खोड, कुणाचा फुलोरा, एवढाच फरक. 'ब्रोकोली' हा शब्द इटालियन आणि ही भाजी घडली तीही भूमध्य समुद्राच्या परिसरात.

खुडल्यानंतरही कळ्या जिवंत असतात आणि जोरात श्वसन करत असतात. गड्डा उबदार जागी राहिला की त्यातली साखर झपाट्याने संपते, हरितद्रव्य मोडतं आणि कडा पिवळ्या पडू लागतात. पिकणाऱ्या सफरचंदांमधून आणि केळ्यांमधून बाहेर पडणारा इथिलीन वायू हे पिवळेपण आणखी लवकर आणतो. म्हणून ब्रोकोली फ्रीजमध्ये ठेवायची आणि फळांपासून लांब.

आता सुरीकडे येऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे.

ब्रोकोलीच्या पेशींमध्ये ग्लुकोराफॅनिन नावाचं एक गंधकयुक्त द्रव्य साठवलेलं असतं. त्याच्यापासून वेगळं, दुसऱ्या कप्प्यात, मायरोसिनेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, असतं. झाड शांतपणे उभं असतं तोवर या दोघांची गाठ पडत नाही. एखाद्या अळीने पान कुरतडलं की कप्पे फुटतात, दोन्ही द्रव्यं एकमेकांत मिसळतात आणि तिखट, झोंबणारी संयुगं तयार होतात. अळीला पळवून लावण्यासाठी झाडाने केलेली ही सोय आहे. मोहरीचा ठसका आणि मुळ्याचा झणका याच व्यवस्थेतून येतो. आपली सुरी झाडाच्या दृष्टीने एक भलीमोठी अळीच असते.

ब्रोकोलीत या भेटीतून जे तयार होतं त्याचं नाव सल्फोराफेन. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ते ब्रोकोलीतून वेगळं काढलं. शरीरातल्या पेशी विषारी द्रव्यं निकामी करण्यासाठी काही एन्झाइम बनवतात. सल्फोराफेनमुळे त्यांचं उत्पादन वाढतं, असं त्यांना दिसलं. पुढे १९९७ साली याच गटाने दाखवलं की तीन दिवसांच्या ब्रोकोलीच्या मोडांमध्ये ग्लुकोराफॅनिनचं प्रमाण पूर्ण वाढलेल्या गड्ड्यापेक्षा १० ते १०० पट असतं. तेव्हापासून या रेणूवर खूप काम झालं आहे. म्हणून ब्रोकोली हे कुठल्याही रोगावरचं औषध ठरत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण भाजी आणलीच आहे, तर तिच्यातलं चांगलं ते वाया का घालवायचं?

ते वाया जातं कसं? मायरोसिनेज उष्णतेपुढे टिकत नाही. न चिरलेला तुरा उकळत्या पाण्यात टाकला, तर दोन्ही द्रव्यांची भेट होण्याआधीच एन्झाइम निकामी होतं. ग्लुकोराफॅनिन तसंच पडून राहतं आणि त्याचं सल्फोराफेन करण्याचं काम आतड्यातल्या जिवाणूंवर येऊन पडतं. त्यांना ते जमतं, पण थोडंफारच. चिरल्या चिरल्या कढईत टाकलेल्या भाजीचीही जवळजवळ हीच गत. रासायनिक क्रियेला वेळ लागतो आणि आपण तो दिलेला नसतो.

चीनमधल्या संशोधकांनी २०१८ साली हे मोजून पाहिलं. ब्रोकोलीचे अगदी बारीक, दोनेक मिलिमीटरचे तुकडे केले. काही लगेच परतले, काही ९० मिनिटं तसेच ठेवून मग परतले. ठेवलेल्या भाजीत सल्फोराफेन २.८ पट निघालं. दीड तास थांबायला कुणाला सवड आहे, हा प्रश्न त्यांनाही पडला असावा, कारण अर्ध्या तासानेही फायदा व्हावा असं त्यांनी सुचवलं. फक्त तेवढ्या वेळाचं मोजमाप त्यांनी केलेलं नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरात म्हणूनच अर्ध्या तासाचा नियम आहे. ब्रोकोली चिरून ताटात पसरून ठेवायची. तेवढ्यात भात होतो, अंडी उकडून होतात, आंघोळ होते, मुलांचा गृहपाठ बघून होतो. ज्या दिवशी अर्धा तास नसेल त्या दिवशी दहा मिनिटं. थांबण्याचं काम भाजी करते, आपल्याला काहीच करायचं नसतं.

चिरताना एक बारीकशी गोष्ट. तुऱ्यांवरून सरळ सुरी फिरवली तर कळ्यांचा हिरवा भुगा पाटभर होतो. त्यापेक्षा देठाच्या बाजूने अर्ध्यापर्यंत काप द्यावा आणि पुढे हाताने फाकवावं. कळ्या सांडत नाहीत आणि देठाला एक सपाट बाजू मिळते, जी पुढे भाजताना फार उपयोगी पडते. खालचा जाड दांडा मात्र बारीक चिरायचा. तो टाकून देणारे लोक बघितले की मला मनापासून वाईट वाटतं. त्याची फक्त बाहेरची साल चिवट असते, कारण तिथल्या पेशींच्या भिंती लाकडासारख्या टणक झालेल्या असतात. साल जाडसर सोलली की आतला फिकट हिरवा गाभा कुरकुरीत, रसाळ आणि गोडसर असतो. त्याच्या पातळ चकत्या तुऱ्यांइतक्याच वेळात शिजतात.

आता शेगडी. रोजच्या घाईत मला सगळ्यात भरवशाची वाटते ती झाकणाची कढई. तिच्यात तीन-चार मोठे चमचे पाणी उकळवायचं, ब्रोकोली टाकायची, झाकण लावायचं आणि तीन मिनिटं थांबायचं. एवढ्याशा पाण्याची वाफ भाजी शिजवायला पुरते, आणि भाजी पाण्यात बुडलेली नसल्यामुळे तिच्यातलं पाण्यात विरघळणारं काही वाहून जात नाही. १०० ग्रॅम कच्च्या ब्रोकोलीत सुमारे ९० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असतं, म्हणजे मोठ्या माणसाची दिवसाची गरज भागावी इतकं. भांडंभर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं, तर त्यातला बराच वाटा मोरीत जातो. वाफेचा दुसरा फायदा असा की तीन-चार मिनिटांच्या वाफेत मायरोसिनेज बऱ्यापैकी तग धरतं.

मिनिटभराने झाकण किंचित उचलून बघा. भाजीचा रंग एकदम उजळलेला दिसेल, कच्च्या ब्रोकोलीपेक्षाही हिरवागार. नवं हरितद्रव्य काही तयार झालेलं नसतं. कच्च्या भाजीत पेशींच्या मधल्या फटींत हवा असते आणि तिच्यावर प्रकाश विखुरल्यामुळे रंगावर धुरकट पडदा पडल्यासारखा दिसतो. उष्णतेने ती हवा निसटते, फटींत पाणी शिरतं आणि आतला हिरवा रंग स्वच्छ दिसू लागतो. ब्रोकोली तयार होत आल्याची याहून चांगली खूण नाही. हा रंग दिसला की आणखी एक-दोन मिनिटं, देठाला सुरीचं टोक सहज पण किंचित अडत शिरेपर्यंत, आणि मग लगेच उतरवायची.

उशीर झाला तर काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू बसलेला असतो. भाजी शिजत राहिली की तिच्याच पेशींमधली आम्लं बाहेर येतात आणि मॅग्नेशियमच्या जागी हायड्रोजन जाऊन बसतो. रंग शेवाळी, करडट होतो. सहा-सात मिनिटांनंतर हा बदल डोळ्यांना सहज दिसतो. लिंबू आधीच पिळलं तर तो आणखी लवकर होतो. म्हणून लिंबू ताटात वाढताना पिळावं. रंग टिकावा म्हणून पाण्यात खाण्याचा सोडा घालण्याची युक्ती जुनी आहे आणि रंग खरोखरच टिकतो, पण सोड्यामुळे पेशींना जोडून ठेवणारी द्रव्यंही मोडतात, भाजी लगदा होते आणि व्हिटॅमिन सी लवकर नष्ट होतं. मी तरी त्या वाटेला जात नाही.

जास्त शिजलेल्या ब्रोकोलीचा तो उग्र वासही याच उशिराचा परिणाम. उष्णतेने गंधकयुक्त संयुगं तुटत जातात आणि त्यांच्यातून हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू सुटतात, ज्यांचा वास आपल्याला सडक्या अंड्यांवरून माहीत असतो. भाजी जितका वेळ आचेवर राहील तितका तो वास वाढत जातो. ब्रोकोली आवडत नाही असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांनी आयुष्यात फक्त ही जास्त शिजलेली ब्रोकोलीच खाल्लेली असते, असं मला वाटतं.

वाफवलेल्या भाजीचा कंटाळा आला की ओव्हन. इथे हिशेब अगदी वेगळा. भाजलेल्या पदार्थाचा तो खमंगपणा मेलार्ड अभिक्रियेतून येतो. साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातली ही अभिक्रिया साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर जोर धरते. पण पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फारसं वर जातच नाही, आणि ब्रोकोलीत तर ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणून धुतलेले तुरे फडक्याने कोरडे करायचे, तेल-मीठ चोळायचं आणि ट्रेमध्ये सुटे सुटे ठेवायचे. खेटून ठेवले तर एकाची वाफ दुसऱ्याला लागते आणि सगळे मिळून वाफवले जातात. ओव्हन २२० अंशांवर, ट्रे आधीच आत तापत ठेवलेला, आणि देठाची ती सपाट बाजू ट्रेला टेकलेली. पंधरा-वीस मिनिटांत कळ्यांच्या कडा करपट-कुरकुरीत होतात आणि देठ गोड लागतो. एवढ्या आचेत एन्झाइम अर्थातच मरतं, पण अर्धा तास आधी चिरून ठेवलं असेल तर त्याचं बरंचसं काम उरकलेलं असतं. तेलाचाही उपयोग आहे, कारण ब्रोकोलीत भरपूर असलेलं व्हिटॅमिन के स्निग्ध पदार्थासोबतच नीट शोषलं जातं. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी मात्र या भाजीचं प्रमाण एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, कारण व्हिटॅमिन के त्या औषधाच्या उलट दिशेने काम करतं.

घरात कुणी तोंड वाकडं केलं तर त्याला लगेच हट्टी ठरवू नका. कडू चव ओळखणाऱ्या टीएएस२आर३८ या जनुकाची रूपं माणसागणिक वेगळी असतात आणि काहींना याच भाज्या इतरांपेक्षा खूप कडू लागतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२१ साली आणखी एक कारण दाखवलं. काहींच्या लाळेतले जिवाणू या भाज्यांमधून जास्त प्रमाणात दुर्गंधी गंधकयुक्त वायू मोकळे करतात, आणि ज्या मुलांच्या लाळेत हे जास्त घडत होतं त्यांना या भाज्या जास्त नावडत होत्या. मोठ्यांमध्ये असा संबंध दिसला नाही. अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश, थोरले, यांनी १९९० साली आपण यापुढे ब्रोकोली खाणार नाही असं जाहीर करून टाकलं होतं. लहानपणी आईने खायला लावलेली ती नावड त्यांनी साठीपर्यंत जपली होती. मिठाचा इथे फार उपयोग होतो. मीठ नुसतं खारटपणा आणत नाही, कडवटपणाची जाणीवही दाबतं. म्हणून कडू लागतं असं म्हणणाऱ्याच्या ताटात साखरेआधी चिमूटभर मीठ घालून बघा.

राहिली फ्रोझन ब्रोकोली, दमलेल्या संध्याकाळची खरी सोबतीण. गोठवण्याआधी कारखान्यात ती गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढतात, म्हणजे साठवणीत तिचा रंग आणि चव बिघडवणारी एन्झाइम निकामी होतात. त्यांच्याबरोबर मायरोसिनेजही जातं. त्यामुळे ती चिरून अर्धा तास ठेवली तरी काही होत नाही. यावरचा उपाय तिच्या आप्तांकडेच आहे. मोहरीतलं मायरोसिनेज उष्णतेपुढे ब्रोकोलीतल्यापेक्षा जास्त टिकतं. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी शिजवलेल्या ब्रोकोलीत मोहरीची पूड मिसळून पाहिली. पुढे २०१८ साली त्यांनी १२ जणांना २०० ग्रॅम शिजवलेली ब्रोकोली एकदा नुसती आणि एकदा १ ग्रॅम तपकिरी मोहरीची पूड घालून खायला दिली. पूड घातलेल्या वेळी त्यांच्या शरीरात पोचलेलं सल्फोराफेन चौपटीहून जास्त होतं.

फ्रोझन तुरे वितळू द्यायचे नाहीत, नाहीतर पाणी सुटून ते मऊ पडतात. गोठलेलेच कडक तापलेल्या कढईत टाकायचे, पाणी आटेपर्यंत मोठ्या आचेवर परतायचे, शेवटी लसूण आणि मीठ. कढई खाली उतरवली की मग अर्धा लहान चमचा मोहरीची पूड भुरभुरायची आणि हलवायची. पूड कच्च्या मोहरीची हवी. भाजलेल्या मोहरीत ते एन्झाइम उरलेलं नसतं.