टॅब दाबणारे, रोल मारणारे आणि मधले शंभर मिलिसेकंद

बेळगावात ऑनलाईन आरपीजी, म्हणजे एक पात्र घेऊन हजारो लोकांबरोबर राक्षस मारत फिरायचे गेम, खेळणारी पोरं तशी मोजकीच, बाकी सगळं पब्लिक बीजीएमआयच्या गोळीबारात, पण ही मोजकी कुठं चहाला जमली की एक भांडण ठरलेलं असतंय. एकजण म्हणणार, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये टॅब दाबून टार्गेट धरायचं आणि १ ते ९ बटणं बडवत बसायचं ही काय फाईट झाली काय, खरी फाईट म्हणजे टेरा नाहीतर ब्लॅक डेझर्ट, नेम आपण धरायचा, वार आपण रोल मारून चुकवायचा. दुसरा म्हणणार, लेका तुझ्या त्या गेममध्ये निम्म्या वेळा तू पिंगमुळं मरतोस. पिंग म्हणजे आपल्याकडची बातमी गेम कंपनीच्या लांबच्या कॉम्प्युटरला, म्हणजे सर्व्हरला, जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात. आवडीनिवडीचा भाग ह्यात आहेच, पण त्याच्या खाली मेंदूचं आणि केबलचं गणित आहे, आणि ते गणित समजलं की कुठला गेम आपल्याकडून नक्की काय मागतोय ते दिसायला लागतं.

आधी टॅबवाले. १९९९ चा एव्हरक्वेस्ट, २००४ चा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, २०१३ ला नव्यानं उभा केलेला फायनल फँटसी १४, हे सगळे ह्या घरातले. टार्गेट एकदा धरलं की नेमाचा विषय संपला, सुटलेला अग्निगोळा वळून वळून बरोबर त्याच शत्रूवर जाऊन आदळतो आणि किती लागलं ते सर्व्हर आकडेमोड करून ठरवतो. एक स्किल, म्हणजे बटणावर ठेवलेला वार नाहीतर मंत्र, मारलं की पुढचं मारायला ठरावीक वेळ थांबायचं, वॉरक्राफ्टमध्ये साधारण १.५ सेकंद, फायनल फँटसीत २.५. बघणाऱ्याला हे लई संथ वाटतं. पण वॉरक्राफ्टमध्ये एक गंमत आहे, हा थांबा संपायच्या ४०० मिलिसेकंद आधीपर्यंत पुढचं बटण दाबून ठेवता येतं, ते रांगेत बसतं आणि वेळ झाली की सर्व्हर आपलं आपण सोडतो. म्हणजे तुमचं पिंग १५० असलं तरी तो उशीर ह्या रांगेतच जिरून जातो, तुम्हाला पत्तासुद्धा लागत नाही. डायल-अपच्या जमान्यात वाढलेली ही डिझाईन आहे, आणि ती आळसानं केलेली नाही एवढं तरी मान्य करायला पाहिजे.

आता मेंदूकडं येऊ. स्क्रीनवर काहीतरी चमकलं आणि तुम्ही एकच ठरलेलं बटण दाबायचं, एवढ्या साध्या कामालासुद्धा चांगल्या तरुण माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. डोळ्यातून मेंदू, मेंदूतून बोट, हा रस्ताच तेवढा आहे. पण बटणं एकाऐवजी जास्त असली तर? १९५२ मध्ये विल्यम हिक ह्यांनी हे मोजलं, पर्याय वाढले की वेळ वाढतो, पण सरळ पटीत वाढत नाही, दर वेळी पर्याय दुप्पट झाले की साधारण तेवढाच वेळ वाढतो. दोनाचे चार केले काय आणि चाराचे आठ केले काय, भर सारखीच पडते. पुढं दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, पॉल फिट्स ह्यांनी दुसरी गोष्ट मोजली, हात एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेमका न्यायला किती वेळ लागतो. लक्ष्य लांब असलं की वेळ जास्त, लक्ष्य बारीक असलं की वेळ जास्त, आणि अंतर दुप्पट करणं किंवा लक्ष्य निम्मं करणं दोन्हीचा भुर्दंड सारखाच.

हे दोन नियम शेजारी ठेवा आणि मग ते चहावरचं भांडण परत ऐका. टॅबवाला गेम तुमच्याकडून हिकचं काम करून घेतो: वीस-तीस स्किलांतलं आत्ता कुठलं, बॉसचा, म्हणजे मोठ्या शत्रूचा, चालू झालेला मंत्र तोडू की स्वतःला हील करू, एकदा वापरलं की बराच वेळ परत न मिळणारं मोठं स्किल आत्ता वापरू की पुढच्या टप्प्याला ठेवू. अॅक्शन गेम पर्याय कमी ठेवतो आणि फिट्सचं काम वाढवतो: माऊस हलवा, हलणाऱ्या जनावरावर क्रॉसहेअर (नेमाची खूण) धरा, त्यात स्वतःपण पळा. टेरा कोरियात २०११ ला आला तेव्हा त्याचा सगळा गाजावाजा ह्याच गोष्टीचा होता, टार्गेट धरून ठेवायची सोय जवळजवळ काढूनच टाकली, ढालवाल्या लान्सरनं ढाल खरंच पुढं धरली तरच वार अडायचा. २०२२ च्या जूनमध्ये पीसीवरचा टेरा बंद पडला, तरी ह्या प्रकारातली त्याची मारामारी अजून कुणी नीट मागं टाकलेली नाही असं माझं मत, पटत नसेल तर सोडा.

म्हणजे एक खेळ डोक्याचा आणि दुसरा हाताचा, असं लगेच कोणीतरी म्हणेल. तसं पूर्ण नाही. कारण अॅक्शन गेममध्ये वार चुकवणारा माणूस खरंतर वार बघून चुकवतच नाही. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती बघितली असेल तर हे लगेच कळेल, चांगला पैलवान समोरच्यानं पट काढायला हात घातल्यावर हलत नाही, त्याचं वजन कुठल्या पायावर गेलं हे मानेवरच्या हातालाच आधी कळलेलं असतं आणि पाय तेव्हाच मागं गेलेला असतो. गेममध्ये तो मानेवरचा हात नाही, म्हणून डिझायनर ती खूण डोळ्याला दाखवतात. बॉस खांदा मागं घेतो, जमीन लाल होते, अंगावर निळी चमक येते. २०१४ च्या वाइल्डस्टारनं तर सगळी जमीनच रंगीत पट्ट्यांनी भरून टाकली होती, कुठं उभं राहिलं तर मरणार ते आधीच रंगवून दाखवायचं. लॉस्ट आर्कमध्ये बॉस निळा चमकला की समोरून काउंटर स्किल (उलटा वार) मारायचं, बरोबर बसलं की तो कोलमडतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही चमक पकडणं जमत नाही, दहाव्यांदा बघणाऱ्याला चमकेच्या आधीच्या हालचालीवरून कळतं, आणि त्याची रिअॅक्शन काही जलद झालेली नसते, त्याचा अंदाज पक्का झालेला असतो.

आवाजाचं पण असंच. कानावरून येणारी प्रतिक्रिया डोळ्यापेक्षा साधारण ३०-४० मिलिसेकंद लवकर येते, म्हणून म्युझिक लावून गेमचा आवाज बंद करून खेळणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. आमच्याकडं रेडमध्ये, म्हणजे बरेच जण मिळून बॉस मारायला जातो तेव्हा, निम्मे मराठी निम्मे कन्नड, त्यामुळं हेडफोनमध्ये 'मागं हो' आणि 'हिंदे बा' एकदमच ऐकू येतंय, पण कोण ओरडलं ते कळायच्या आधी बोट बटणावर गेलेलं असतं हे खरं.

आता केबल. बेळगाव ते सिंगापूर सरळ रेषेत साधारण ३,६०० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जायला १८ मिलिसेकंद आणि यायला १८, एकूण ३६. ह्याच्या खाली कुठलाही महागडा प्लॅन घेतला तरी जाता येत नाही, तो निसर्गाचा नियम आहे. प्रत्यक्षात तार सरळ नसते, डेटा आधी मुंबई नाहीतर चेन्नईला जाणार, तिथून समुद्राखालच्या केबलमध्ये उतरणार, वाटेत दहा-पंधरा राउटर, त्यामुळं आकडा दुप्पट नाहीतर जास्तच होतो. युरोपात फ्रँकफर्टचा सर्व्हर असला तर सरळ अंतरच ७,००० किलोमीटरच्या घरात, नुसत्या प्रकाशाचे ७० मिलिसेकंद तिथंच गेले.

समजा पिंग १०० आहे. बॉसनं सर्व्हरवर हात उचलला, तुम्हाला ते ५० मिलिसेकंदांनी दिसलं, मेंदूनं २५० घेतले, बटणाची बातमी परत जायला ५०. झाले ३५०. ह्यात मोठा हिस्सा कुणाचा ते बघा की, इंटरनेटला शिव्या घालताना आपण आपलंच डोकं विसरतो. पण तो वार ४०० मिलिसेकंदांचा असेल तर तुमच्या हातात ५० राहिले आणि बेंगळुरूतून २० पिंगवर खेळणाऱ्याच्या हातात १३०.

त्यात आणि सर्व्हर पण सारखा बघत नसतो, तो ठरावीक ठोक्यांवर बघतो. रुनस्केपचा ठोका ०.६ सेकंदाचा, तिथं सगळी मारामारी त्या ठेक्यावरच चालते आणि पट्टीचे खेळाडू तालात क्लिक करतात. ठोका जलद का करत नाहीत? कारण एका जागी १०० खेळाडू आले की प्रत्येकाची हालचाल उरलेल्या ९९ जणांना सांगायची, एका ठोक्याला ९,९०० बातम्या, सेकंदाला २० ठोके धरले तर १,९८,०००. दहा जणांच्या शूटरमध्ये हाच आकडा ठोक्याला ९०. गेमवाले ह्यातलं बरंच काटतात, लांबचे खेळाडू कमी वेळा पाठवतात वगैरे, पण खेळाडू दुप्पट झाले की बातम्या चौपट, हा हिशेब काही सुटत नाही. ईव्ह ऑनलाईनमध्ये हजारो जहाजं एका जागी आली की सर्व्हर गेममधला काळच संथ करतो, पार नेहमीच्या वेगाच्या १० टक्क्यांपर्यंत. तलवारीच्या गेममध्ये तसलं कोण सहन करणार?

मग अॅक्शन गेम चालतात कसे? इथं खरी मेख आहे: वार लागला की नाही हे ठरवायचा अधिकार कुणाला द्यायचा. सगळा अधिकार सर्व्हरला दिला तर लबाडी होत नाही, पण तुमच्या स्क्रीनवर तुम्ही आगीच्या बाहेर उभे असता आणि तरी भाजता. फायनल फँटसी १४ मध्ये हे रोज होतं, जमिनीवरची खूण पुसली त्या क्षणी सर्व्हरनं यादी केलेली असते, स्फोट दिसतो नंतर, त्यामुळं जुने खेळाडू स्फोट व्हायच्या आधीच परत आत जाऊन उभे राहतात आणि नवा माणूस बघून येडा होतो. अधिकार खेळाडूच्या कॉम्प्युटरला दिला तर मारल्याची मजा येते, कापलं की कापलंच, पण समोरच्याच्या स्क्रीनवर तो कधीच लांब पळालेला असतो. ब्लॅक डेझर्टच्या पीव्हीपीत (खेळाडू विरुद्ध खेळाडू मारामारीत) डीसिंक डीसिंक म्हणून जो ओरडा असतो तो ह्या दोन स्क्रीनमधल्या फरकाचा. त्यांनी त्यावर काढलेला इलाज मला हुशारीचा वाटतो, प्रत्येक स्किलला संरक्षणाचा प्रकार जोडला, काहीत वारच लागत नाही, काहीत वार लागतो पण तुम्ही डळमळत नाही, काहीत फक्त पुढून अडतो. म्हणजे बाजी नुसत्या नेमावर न ठेवता कुठलं संरक्षण कधी संपतंय ह्याच्या हिशेबावर नेली. फिरून फिरून परत हिकच!

न्यू वर्ल्ड २०२१ ला आला तेव्हा तर कहर झाला. गेम छोट्या विंडोत चालवायचा आणि ती विंडो माऊसनं धरून हलवत राहायचं, तेवढा वेळ तुम्हाला काही लागायचंच नाही. विंडो ओढताना क्लायंट, म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवरचा गेम, थांबायचा, सर्व्हर त्याच्याकडून बातमी येईल म्हणून वाट बघत बसायचा, आणि तोवर तुम्ही अमर. दुरुस्त केलं त्यांनी लगेच, पण सर्व्हर मालक असला तरी तो वाट किती बघतो ह्यावर सगळं अवलंबून असतं हे त्या चार दिवसांत अख्ख्या जगानं बघितलं.

ह्या दोन टोकांच्या मधला गिल्ड वॉर्स २, २०१२ चा. टार्गेट धरता येतं पण डॉज, म्हणजे वार चुकवायचा रोल, आपण करायचा, एका डॉजमध्ये पाऊण सेकंद काही लागत नाही, स्टॅमिना (दम) दोन डॉजपुरताच आणि एक डॉज भरून यायला साधारण १० सेकंद. पाऊण सेकंद म्हणजे ७५० मिलिसेकंद, त्यात तुमचं १५० चं पिंग आरामात मावतं, आणि आपल्याला ह्याचे सर्व्हर अमेरिका किंवा युरोपातलेच मिळतात, तरी इथून खेळायला गोड लागतो तो म्हणून. एल्डर स्क्रोल्स ऑनलाईनमध्ये दर सेकंदाच्या स्किलच्या मधे हलका वार घुसवायचा, अॅनिमेशन मधेच तोडून, ती ताल धरायची कला आहे, पिंग वरखाली झालं की ताल गेला.

आणि वरखाली होणं हाच आपल्याकडचा खरा रोग. २००६ मध्ये स्टेट्सन, ईगलमन वगैरेंनी एक प्रयोग छापला होता, बटण दाबलं की थोड्या ठरावीक उशिरानं दिवा लागायचा, लोकांच्या मेंदूला त्या उशिराची एवढी सवय झाली की उशीर काढून टाकल्यावर लोकांना वाटायला लागलं दिवा बटणाच्या आधीच लागला. म्हणजे कायम १२० पिंग असलं तर मेंदू ते गिळून टाकतो. पण आत्ता ६०, मग २२०, मग ९०, अशा उड्यांना मेंदूकडं सवय लावायला काही धरायलाच नसतं. जुलैत खानापूरकडं पाऊस लागला, लाईट येऊन जाऊन करायला लागली आणि तुम्ही मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आलात की हेच होतं, टॉवरवर गर्दी, सिग्नल कमीजास्त, पॅकेट रांगेत. भिंतीपलीकडच्या वायफायवर पण थोडंफार हेच, राउटरपासून वायर ओढली की निम्मं दुखणं जातं. गेमच्या कोपऱ्यातला पिंगचा एक आकडा बघून काही कळत नाही, पिंग कमांड पाच मिनिटं चालू ठेवून सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा बघा. फरक ३०-४० च्या आत असेल तर ब्लॅक डेझर्टच्या पीव्हीपीत पण खुशाल उतरा, शंभराच्या वर उड्या असतील तर त्या रात्री मी तरी वॉरक्राफ्ट नाहीतर फायनल फँटसीच लावतो.