गाळाचा माग: किरणोत्सारी काचेपासून सूक्ष्मजीवांपर्यंत

त्र्यंबकच्या डोंगररांगेवर पडलेला पाऊस दोन समुद्रांना जाऊन मिळतो. ब्रह्मगिरीवरची गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. तिथूनच जवळ उगम पावणारी वैतरणा पश्चिमेला वळते आणि पालघर जिल्ह्यात अरबी समुद्र गाठते. दमणगंगाही आपल्याच नाशिक जिल्ह्यातली, तीही तिकडेच जाते. पाण्याबरोबर माती जाते. गोदाघाटावर पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागतं तेव्हा त्याचा गढूळ तांबूस रंग नाशिककर दरवर्षी बघतात. ती माती पुढे कुठे थांबते? खाडीच्या तोंडाशी साचलेल्या गाळात नदीने आणलेला किती आणि भरतीने समुद्राकडून आत ढकललेला किती? बंदरांना, मच्छीमारांना आणि किनारा खचत चाललेल्या गावांना या प्रश्नाशी कायमच झगडावं लागतं. गाळातल्या सूक्ष्मजीवांना हा प्रश्न विचारण्याची पद्धत नवी आहे, पण त्यामागचा विचार बराच जुना आहे.

१८५६ मध्ये प्रशियातल्या रेल्वेने पाठवलेल्या एका पिंपातली चांदीची नाणी वाटेत गायब झाली आणि त्यात वाळू भरलेली निघाली. बर्लिनचे प्राध्यापक एरेनबर्ग यांनी त्या मार्गावरच्या स्थानकांवरून वाळूचे नमुने मागवले, सूक्ष्मदर्शकाखाली ते ताडून पाहिले आणि पिंपातली वाळू कोणत्या स्थानकावरची ते सांगितलं. वाळू आपल्या जागेची खूण अंगावर वागवते, हे त्यातून दिसलं. एरेनबर्ग यांचं सारं आयुष्य सूक्ष्मजीवांच्या अभ्यासात गेलं होतं, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो.

समुद्रातल्या गाळाचा पाठलाग मात्र बराच काळ उलट्या दिशेने झाला. आपण खूण केलेली वाळू टाकायची आणि ती कुठे जाते ते बघायचं. आधी चमकणारा रंग लावलेली वाळू वापरली गेली, मग किरणोत्सारी पदार्थ आले. भारतात याची सुरुवात १९५९ मध्ये मुंबई बंदरात झाली. बंदराच्या वाटेतला गाळ उपसून समुद्रात टाकला, तर तो भरतीबरोबर परत वाटेतच येणार नाही ना, हे पाहायचं होतं. त्यासाठी स्कँडियम हा धातू मिसळलेली काच दळून तिचे कण गाळाच्या कणांएवढे केले जातात. ही भुकटी अणुभट्टीत किरणोत्सारी करून समुद्राच्या तळाशी सोडतात. मग होडीमागे घसरगाडीवर बांधलेलं संवेदक यंत्र तळावरून ओढत नेतात आणि किरणं कुठवर पसरली याचा नकाशा तयार करतात. स्कँडियम-४६ ची किरणं सुमारे ८४ दिवसांत निम्मी होतात, म्हणजे काही महिने माग काढता येतो आणि पुढे धोका उरत नाही. पद्धत भक्कम आहे. पण इथून टाकलेला गाळ कुठे गेला एवढंच ती सांगते. आधीच साचलेला गाळ कुठून आला, हे तिला सांगता येत नाही.

ते सांगायला निसर्गाने केलेली खूण लागते. १९७० च्या दशकापासून गाळातली खनिजं, मूलद्रव्यं आणि अणुचाचण्यांतून जगभर पसरलेलं सीझियम-१३७ यांवरून उगम शोधणं सुरू झालं. गोदावरीचं उदाहरण तर आपल्या घरचंच आहे. नदीच्या मुखासमोर उपसागराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या स्तंभात निओडिमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची माती आणि पूर्वेकडच्या जुन्या खडकांची माती वेगळी ओळखता आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून दिसलं की गेल्या काही हजार वर्षांत पाऊसमान कमी झालं तसा झाडोरा विरळ होऊन धूप वाढली आणि पुढे दख्खनवर शेती पसरल्यावर ती आणखी वाढली. नंतर धरणं आली आणि चित्र पालटलं. आंध्र प्रदेशात पोलावरमजवळ मोजलेला गोदावरीचा गाळ १९७० च्या दशकात वर्षाला सुमारे १५ कोटी टन होता, तो १९९० च्या दशकात सहा कोटी टनांच्याही खाली आला. त्रिभुज प्रदेशाचा किनारा खचू लागला त्यामागे हे मोठं कारण आहे.

पश्चिमेला मात्र खडकाची खूण अपुरी पडते. वैतरणा काय, उल्हास काय, शेजारच्या नद्या एकाच बेसॉल्टवरून उतरतात. खडक एक, तर खनिजंही बरीचशी सारखी. सूक्ष्मजीवांचा उपयोग होतो तो इथे. गाळाच्या कणांना चिकटून जीवाणूंचे थर राहतात, एका ग्रॅम गाळात कोट्यवधी. कोण राहणार हे खडकापेक्षा खारटपणा, प्राणवायू आणि कुजणाऱ्या अन्नावर ठरतं. जगभरचे नमुने एकत्र करून २००७ मध्ये झालेल्या अभ्यासात खारटपणाच सर्वांत प्रभावी घटक ठरला. भातखाचर, धरणाचा तळ, तिवरांखालचा कुजक्या अंड्यांच्या वासाचा काळा चिखल, प्रत्येकाची वस्ती निराळी.

ही वस्ती वाचता येऊ लागली ती अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कार्ल वूज यांच्यामुळे. पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोममधल्या एका रेणूच्या घटकांच्या क्रमावरून जीवांची नाती ठरवता येतात, हे त्यांनी १९७७ मध्ये दाखवलं. २००५ नंतर डीएनए वाचणारी जलद यंत्रं आली आणि चमचाभर चिखलातले हजारो प्रकार एकदम मोजता येऊ लागले. २०११ मध्ये 'सोर्सट्रॅकर' ही संगणकीय पद्धत आली. एखाद्या मिश्रणात कोणत्या उगमाचा किती वाटा आहे, याचा अंदाज ती बांधते.

अडचण अशी की ही खूण जिवंत आहे. प्राणवायू नसलेल्या थरातले जीवाणू गाळ ढवळला गेला की मरू लागतात, गोड्या पाण्यातले खाऱ्यात तग धरत नाहीत आणि मेलेल्यांचा डीएनए मागे रेंगाळतो. माझ्या मते हीच या पद्धतीची ताकदही आहे. खनिजाची खूण हजार वर्षांपूर्वीची असू शकते, तर खाडीत सापडलेली गोड्या पाण्यातल्या जीवाणूंची ताजी वस्ती अलीकडच्या पुराकडे बोट दाखवते. म्हणून दोन्ही खुणा जोडीने वापरायला हव्यात.

त्यासाठी वरच्या टोकाचे नमुने आधी हवेत: इगतपुरीकडच्या खाचरांतले, वैतरणा धरणाच्या तळाचे, त्र्यंबकच्या उतारांवरचे, आणि पूर्वेसाठी गंगापूर धरणाचे व गाळानेच घडवलेल्या नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीचे. तेही पावसाळ्याआधी एकदा आणि पूर ओसरल्यावर पुन्हा. उगमाकडची वस्ती नोंदलेली नसेल, तर मुखाशी कितीही चिखल काढला तरी तो ताडून बघायचा कशाशी?