कंटेनरमधला गॅस आणि कागदावरचा गॅस

वाळूज एमआयडीसीत कुठल्याही एक्सपोर्टवाल्या कंपनीच्या मागं लाकडी पॅलेट पडलेले दिसतात, त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो आणि एचटी नाहीतर एमबी लिहिलेलं असतं. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ डिग्रीला सलग ३० मिनिटं तापवलंय, एमबी म्हणजे मिथाईल ब्रोमाईड या किडे मारणाऱ्या गॅसची धुरी दिलीय. आयएसपीएम १५ नावाचा लाकडी पॅकिंगचा हा आंतरराष्ट्रीय नियम २००२ सालचा, लाकडातल्या अळ्या फुकटात परदेशात जाऊ नयेत म्हणून.

आता धुरीचंच बघा. तापमान २१ डिग्री किंवा त्याच्या वर असेल तर एका घनमीटरला ४८ ग्रॅम गॅस सोडायचा आणि २४ तासांनी त्यातला निदान २४ ग्रॅम आत शिल्लक पाहिजे, आणि खरी गोम इथंच आहे, कारण सोडलेला गॅस सगळेच लिहितात पण उरलेला मोजतं कोण? हा गॅस हवेपेक्षा तिप्पट जड, पंखा नसला तर खालीच बसून राहतो आणि वरच्या थप्पीतले किडे मजेत. म्हणून वर, मधे, खाली अशा नळ्या सोडून रीडिंग घ्यायचं, मालावर झाकलेल्या शीटच्या कडेनं वाळूच्या लांब पिशव्या दाबून ठेवायच्या. माल प्लास्टिकमधे गुंडाळलेला असला तर आत गॅस शिरतच नाही, हे तर कित्येकांच्या गावीही नसतं!

ऑस्ट्रेलियाला हे चांगलंच नडलं. सर्टिफिकेट एकदम ओके आणि कंटेनर उघडला की आत जिवंत किडे. मग त्यांनी भारतासकट जिथून माल येतो त्या देशांतल्या धुरीवाल्यांना आणि त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांनाही शिकवायला घेतलं. मला यातलं अधिकाऱ्यांना शिकवणं जास्त पटलं, तपासणाऱ्यालाच रीडिंग कळत नसेल तर काय उपयोग. शिवाय मिथाईल ब्रोमाईड ओझोनला खातो, माँट्रियल करारात त्याला मुख्यतः क्वारंटाईन, म्हणजे परक्या किडी रोखायला, आणि माल पाठवण्याआधीच्या धुरीला सूट आहे, धुरी फसली की तोच गॅस परत सोडावा लागतो.

लातूरच्या तुरीच्या गोडाऊनमधे गोळ्या ठेवतात तो गॅस वेगळा, फॉस्फीन. तो सावकाश काम करतो. दोन दिवसांत शीट काढली तर भुंगेरे मेलेले दिसतात, मालक खूश, पण अंडी आणि कोष तगून राहतात आणि काही दिवसांत पोत्यात पुन्हा वळवळ सुरू. अशी अर्धवट धुरी सारखी देत राहिलं की त्या गॅसला न जुमानणारेच किडे मागं उरतात. फ्युमिगेशनचं, म्हणजे धुरीचं, ट्रेनिंग हैदराबादच्या एनआयपीएचएम या पीक संरक्षणाच्या सरकारी संस्थेत होतं, लातूर-नांदेडवाल्यांना तसं जवळच आहे ते.