वसंत, वर्गणी आणि बोस्टनची वाहिनी

४ मार्च १८३६ रोजी मुंबईत छत्तीस वर्षांचा एक अमेरिकन प्रवासी वारला. त्याचं नाव जॉन लोवेल. बोस्टनच्या ज्या घराण्याने अमेरिकेत कापडगिरण्यांचा पाया घातला, त्या घराण्यातला हा मुलगा. पाच-सहा वर्षांपूर्वी बायको आणि दोन्ही मुली लागोपाठ गेल्या आणि हा माणूस घरदार सोडून फिरतीवर निघाला. इजिप्तमध्ये आजारपणाने गाठलं. १८३५ मध्ये लक्सरच्या भग्न मंदिरांच्या सावलीत बसून त्याने आपलं मृत्युपत्र नीट मार्गी लावलं. निम्मी मालमत्ता, म्हणजे सुमारे अडीच लाख डॉलर, बोस्टनच्या लोकांसाठी मोफत व्याख्यानं भरवायला ठेवली. त्यातला एक पैसाही इमारत बांधण्यात घालवायचा नाही, अशी अटही घातली. पुढे तो मुंबईपर्यंत पोचला आणि इथेच संपला.

अमेरिकेतल्या एका सार्वजनिक टीव्ही वाहिनीची गोष्ट मुंबईतल्या या मृत्यूपासून सुरू करावी लागते, कारण बोस्टनची जीबीएच ही वाहिनी याच मृत्युपत्रातून उगवली. दर वसंतात अशा वाहिन्यांचा नवा हंगाम सुरू होतो. नव्या मालिका, मार्चमधली देणगी मोहीम, ग्रंथालयातली चर्चासत्रं, निवडणुकीआधीचे उमेदवारांचे वादविवाद, स्टेशनच्या सल्लागार मंडळाच्या बैठका. यंदाच्या वसंताचं वेगळेपण असं, की अर्ध्या शतकाहून अधिक काळ मिळत आलेला केंद्र सरकारचा पैसा या वेळी नाही. आपल्या शाळांच्या भाषेत सांगायचं तर हा पहिला विनाअनुदानित वसंत. म्हणून या वाहिन्यांचं लोकांशी असलेलं नातं आलं कुठून, ते मागे जाऊन पाहायला हवं.

लोवेल व्याख्यानं १८३९च्या अखेरीस सुरू झाली. बेंजामिन सिलिमन या विज्ञानाच्या प्राध्यापकाच्या व्याख्यानांची तिकिटं मोफत वाटली जात होती, तेव्हा एवढी झुंबड उडाली की पुस्तकांच्या दुकानाच्या काचा फुटल्या. रसायनशास्त्र ऐकायला! आपल्याकडे १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिचा आणि याचा थेट संबंध नाही. पण दिवसभराचं काम आटोपून माणसं येऊन बसतात आणि जाणकार माणूस त्यांच्यासमोर उभा राहून बोलतो, यातली भूक एकच. पुण्याच्या वाचकाला बोस्टनची ही परंपरा परकी वाटू नये.

शंभरेक वर्षांनी लोवेल न्यासाची सूत्रं राल्फ लोवेल यांच्या हाती होती. आता लोक सभागृहापेक्षा रेडिओपाशी जास्त बसतात, हे त्यांनी ओळखलं. १९४६ मध्ये हार्वर्ड, एमआयटी आणि बोस्टन परिसरातली आणखी चार विद्यापीठं-महाविद्यालयं एकत्र आणून त्यांनी प्रसारणासाठी एक सहकारी मंडळ उभं केलं. १९५१ मध्ये रेडिओ सुरू झाला. त्याचं प्रक्षेपण ग्रेट ब्लू हिल नावाच्या टेकडीवरून होई, म्हणून आद्याक्षरं जीबीएच. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या स्टेशनांच्या नावाआधी डब्ल्यू लागतो, म्हणून डब्ल्यूजीबीएच. २०२० मध्ये तो डब्ल्यू गळला.

टीव्हीसाठी मात्र आधी वॉशिंग्टनमध्ये एक लढाई जिंकावी लागली. प्रसारणाचे परवाने देणाऱ्या केंद्रीय आयोगात फ्रीडा हेनॉक नावाच्या वकील होत्या, त्या आयोगावर नेमल्या गेलेल्या पहिल्या महिला. व्यापारी कंपन्यांना सगळ्या वाहिन्या वाटून टाकल्या तर शिक्षणासाठी काही उरणार नाही, असा धोशा त्यांनी लावला. त्यांच्या चिकाटीमुळे १९५२ मध्ये २४२ वाहिन्या बिगरव्यापारी शिक्षणासाठी राखून ठेवण्यात आल्या. आज अमेरिकेत जी काही सार्वजनिक दूरचित्रवाणी आहे, ती या आरक्षणावर उभी आहे. हेनॉक यांचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही, आणि ते मला खटकतं.

बोस्टनची टीव्ही वाहिनी २ मे १९५५ रोजी सुरू झाली. एमआयटीच्या समोरच्या रस्त्यावर, जिथे पूर्वी रोलर स्केटिंग चालायचं त्या जागेत स्टुडिओ. ऑक्टोबर १९६१ मध्ये आग लागून तो जळून गेला. तेव्हा शहरातल्या इतर वाहिन्यांनी आपले स्टुडिओ वापरायला दिले, लोकांनी पैसे पाठवले आणि प्रसारण थोड्याच अवधीत पुन्हा सुरू झालं. त्या उसन्या जागांच्या दिवसांतच, १९६२ च्या सुरुवातीला, पुस्तकांवरच्या एका कार्यक्रमात ज्युलिया चाइल्ड नावाच्या बाई आल्या आणि समोर शेगडी ठेवून त्यांनी चक्क ऑम्लेट करून दाखवलं. त्यानंतर स्टेशनला २७ पत्रं आली, या बाईंना परत बोलवा म्हणून. व्यापारी वाहिनीत २७ पत्रांना कुणी भीक घातली नसती. इथे त्या पत्रांवरून फेब्रुवारी १९६३ मध्ये त्यांची स्वयंपाकाची मालिका सुरू झाली आणि ती देशभर गाजली.

२७ पत्रांना एवढं वजन का, याचं उत्तर पैशात आहे. परवाना मिळाला, पण जाहिराती घ्यायच्या नाहीत आणि सरकारी रक्कमही नाही, अशी या स्टेशनांची स्थिती होती. सॅन फ्रान्सिस्कोचं केक्यूईडी १९५४ मध्ये सुरू झालं आणि वर्षभरातच बंद करायची वेळ आली. तेव्हा शेवटचा उपाय म्हणून त्यांनी पडद्यावरच लिलाव मांडला. शहरातल्या लोकांनी आणि दुकानदारांनी वस्तू दिल्या, प्रेक्षकांनी फोनवरून बोली लावली, स्टेशन वाचलं. ही युक्ती देशभर पसरली. बोस्टनमध्येही साठच्या दशकापासून उन्हाळ्याच्या तोंडाशी असा लिलाव होई. टेबलांवर मांडलेल्या वस्तू, फोन घ्यायला बसलेले स्वयंसेवक, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या बोली. पुढे मार्च महिन्यातली देणगी मोहीम ठरून गेली. कार्यक्रमाच्या मध्ये निवेदक येतो, मागे फोनची रांग दिसते आणि तो सरळ सांगतो, तुमची वर्गणी आली तर हे चालेल. देणगीदाराला कापडी पिशवी भेट.

वर्गणी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. ज्याने गणपतीची वर्गणी घरोघर फिरून गोळा केली आहे, त्याला माहीत असतं की पैसे देणारा दोन शब्द ऐकवतो. गेल्या वर्षी मांडव रस्त्यात आला होता, स्पीकर उशिरापर्यंत चालला होता, हिशोब कुठे लावलात. ते ऐकून घ्यावंच लागतं. अमेरिकेतल्या या स्टेशनांचं लोकांशी नातं असंच घडलं. आधी गरज होती, तत्त्व मागाहून आलं, आणि मला तरी त्यात काही कमीपणा दिसत नाही.

सरकारी पैशाची वाटही बोस्टनहूनच निघाली. डिसेंबर १९६४ च्या एका राष्ट्रीय परिषदेत राल्फ लोवेल यांनी सुचवलं की शैक्षणिक टीव्हीच्या पैशाचा प्रश्न एखाद्या उच्चस्तरीय आयोगाने पाहावा. त्यातून एमआयटीचे जेम्स किलियन यांच्या अध्यक्षतेखाली कार्नेगी आयोग आला, जानेवारी १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सार्वजनिक प्रसारण कायद्यावर सही केली. पैसे वाटायला एक स्वतंत्र महामंडळ स्थापन झालं. ऑक्टोबर १९७० पासून कार्यक्रमांची देवाणघेवाण पीबीएस या संस्थेमार्फत सुरू झाली. पीबीएस स्वतः स्टेशन चालवत नाही, स्टेशनं स्वतंत्र असतात. आपल्या दूरदर्शनची केंद्रं दिल्लीच्या छत्राखाली वाढली. तिकडचा क्रम उलटा, आधी गावोगावची स्टेशनं आणि मग त्यांनी मिळून केलेली संस्था.

आता ५ एप्रिल १९६८ च्या रात्रीकडे येतो. हा कायदा होऊन पाच महिनेही झाले नव्हते. आदल्या संध्याकाळी मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. अमेरिकेतली शहरं पेटत होती आणि बोस्टनच्या रॉक्सबरी भागातही रात्री दगडफेक, जाळपोळ झाली होती. त्यात शुक्रवारी बोस्टन गार्डन या भल्यामोठ्या सभागृहात गायक जेम्स ब्राउन यांचा कार्यक्रम आधीच ठरलेला. तो रद्द करावा असाच विचार चालू होता. टॉम अॅटकिन्स हे कृष्णवर्णीय नगरसेवक आडवे आले. हजारो तरुण तिकिटं हातात घेऊन येतील, दार बंद दिसेल, मग ते जातील कुठे, हा त्यांचा सवाल होता. तोडगा असा निघाला की कार्यक्रम होऊ द्यायचा आणि तो टीव्हीवरून थेट दाखवायचा, म्हणजे लोक घरातच थांबतील. हे काम डब्ल्यूजीबीएचने अंगावर घेतलं. त्यांच्याकडे तयारीला काही तास होते. इकडे ब्राउन यांच्या तिकिटविक्रीचं नुकसान उघड होतं, ते भरून द्यायचं शहराला कबूल करावं लागलं.

सभागृहात हजारो खुर्च्या आणि माणसं जेमतेम दोनेक हजार. बाकीचं शहर टीव्हीसमोर. महापौर केव्हिन व्हाइट मंचावर येऊन बोलले. कार्यक्रम संपत आला तेव्हा काही पोरं मंचावर चढू लागली, पोलीस त्यांना ढकलू लागले आणि क्षणभर वाटावं की आता ठिणगी पडणार. ब्राउन यांनी पोलिसांना मागे सरायला सांगितलं, पोरांना समजावलं, खाली उतरवलं आणि गाणं पुढे सुरू केलं. स्टेशनने प्रसारण तिथे थांबवलं नाही, तीच ध्वनिचित्रफीत लगेच पुन्हा लावली, म्हणजे कार्यक्रम संपल्यावरही रस्त्यावर यायला कुणाला निमित्त नको. बोस्टन त्या रात्री बऱ्यापैकी शांत राहिलं. पोलिसांचा बंदोबस्त आणि वस्तीतल्या माणसांनी रस्त्यावर उतरून केलेली समजूत यांचाही त्यात वाटा होता. पण एका टीव्ही स्टेशनने शहरासाठी काय करावं, असं कुणी विचारलं तर मी याच रात्रीकडे बोट दाखवीन.

एका रात्रीने मात्र हिशोब मिटत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये याच स्टेशनवर ‘से ब्रदर’ हा कृष्णवर्णीयांनी कृष्णवर्णीयांसाठी चालवलेला कार्यक्रम सुरू झाला. १९७० मध्ये स्टेशनने तो बंदही केला. लोकांनी निषेध केला, आवाज उठवला आणि तो परत आणायला लावला. पुढे ‘बेसिक ब्लॅक’ या नावाने तो कित्येक दशकं चालत राहिला. १९६९ मध्ये बोस्टन आणि लॉस एंजेलिसच्या स्टेशनांनी मिळून वादविवादाचा कार्यक्रम आणला. एका प्रश्नाच्या दोन्ही बाजू वकिलांसारख्या मांडायच्या आणि प्रेक्षकांनी आपलं मत टपालाने कळवायचं. १९७२ मध्ये ज्युलिया चाइल्ड यांच्या कार्यक्रमाखाली शब्द उमटू लागले. देशभर दाखवल्या जाणाऱ्या कार्यक्रमाला कर्णबधिरांसाठी अशा ओळी जोडण्याची अमेरिकेतली ती पहिलीच वेळ. माझ्या लेखी हेही नागरिकांना सामावून घेण्याचंच काम आहे, भले विषय कोंबडी कशी शिजवावी हा असो.

राजकारण्यांशी खटके उडणं अटळ होतं. जून १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सार्वजनिक प्रसारणाच्या निधीचं विधेयक नाकारलं. पुढच्याच वर्षी १७ मेपासून, निक्सन यांनाच अडचणीत आणणाऱ्या वॉटरगेट प्रकरणाची सेनेट समितीपुढची सुनावणी सुरू झाली. सार्वजनिक वाहिन्यांनी ती दिवसा दाखवली आणि रात्री संपूर्ण पुन्हा दाखवली, कारण कामावर जाणाऱ्या माणसाला दिवसा टीव्ही बघता येत नाही. रॉबर्ट मॅकनील आणि जिम लेहरर या पत्रकार जोडीचं नाव तिथूनच झालं. स्टेशनांकडे देणग्यांचा ओघ लागला.

१९७८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. केंद्राचा पैसा हवा असेल तर खासगी न्यासांनी चालवलेल्या स्टेशनांना स्थानिक लोकांचं सल्लागार मंडळ नेमावं लागेल आणि बैठका लोकांना खुल्या ठेवाव्या लागतील, अशी अट कायद्यात आली. आपल्याकडे याला जवळचं काही आठवतं तर ते मुंबई दूरदर्शनच्या ‘ज्ञानदीप’चं. आकाशानंदांच्या त्या कार्यक्रमाभोवती महाराष्ट्रभर ज्ञानदीप मंडळं उभी राहिली होती आणि प्रेक्षक पडद्याबाहेर येऊन कामाला लागला होता. फरक एवढाच, की आपल्याकडे ते एका निर्मात्याच्या तळमळीवर चाललं. कायद्याचा आधार असता तर मंडळं टिकली असती का, हा विचार मनात येतोच.

आणि आता ताजा अध्याय. जुलै २०२५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाला दोन वर्षांसाठी मंजूर झालेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले. १ ऑगस्टला हा पैसा वाटणाऱ्या, १९६७ च्या कायद्याने आलेल्या महामंडळाने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. सरासरी पाहिली तर केंद्राचा वाटा सार्वजनिक प्रसारणाच्या उत्पन्नात सहाव्या-सातव्या हिश्शाच्या आसपास होता, पण सरासरी इथे फसवते. बोस्टनला श्रीमंत देणगीदार आहेत. अलास्कातल्या बेथेल गावच्या केवाययूके या स्टेशनचं बहुतांश उत्पन्न केंद्राकडूनच येत होतं. तिथे युपिक या स्थानिक आदिवासी भाषेत बातम्या दिल्या जातात. ऑक्टोबर २०२५ मध्ये हालोंग वादळाचे अवशेष त्या किनाऱ्यावर आदळले, गावं उठवावी लागली, तेव्हा लोकांना त्यांच्या भाषेत माहिती देणारं हेच स्टेशन होतं. तिथे वर्गणी मागायची कुणाकडे?

अशा स्थितीत हा वसंत आला आहे. ४ जुलै २०२६ ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २५० वर्षं होतील. माहितीपटकार केन बर्न्स यांची अमेरिकन क्रांतीवरची बारा तासांची मालिका नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखवली गेली, आणि तो इतिहास कुणाचा, यावर बोलायला हे वर्ष हक्काचं आहे. बोस्टनमध्ये तर त्यातल्या कित्येक घटना प्रत्यक्ष घडल्या. २०१६ पासून जीबीएचचा एक स्टुडिओ शहराच्या मुख्य सार्वजनिक ग्रंथालयात आहे. रस्त्यावरून चालणारा माणूस आत येऊन समोर बसू शकतो. आणि लोवेल न्यासाच्या सहकार्याने चालणारी मोफत व्याख्यानं, आता इंटरनेटवरूनही, चालूच आहेत.

बोस्टनच्या आसपास, न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आणि अजून तिथलं नागरिकत्व न मिळालेल्या मराठी माणसांनी एक लक्षात ठेवावं. तिथे त्यांना मत नाही. पण १९६७ च्या कायद्यात पुढे घातल्या गेलेल्या कलमांनुसार अशा स्टेशनची खुली बैठक कुणालाही खुली असते आणि आत येण्यासाठी नाव नोंदवायची सक्ती करता येत नाही. केंद्राचा पैसा आटल्यावर बैठका खुल्या ठेवायला लावणाऱ्या या कायद्याचा धाक कमी होईल. दार उघडं राहील की नाही, ते आत येऊन बसणाऱ्यांच्या संख्येवर ठरेल.