त्रिज्या या शब्दात दडलेला साइन 90°

काटकोन त्रिकोणाची गणितं आज ‘कोनासमोरील बाजू भागिले कर्ण’ या सूत्रापासून सुरू होतात. इतिहासात मात्र हे सूत्र फार उशिरा आलं. त्याआधी बाराशेहून अधिक वर्षं साइन म्हणजे भागाकार नव्हता, ठरावीक वर्तुळात मोजलेली लांबी होती. ग्रीक खगोलशास्त्रज्ञ पूर्ण जीवा मोजत. भारतात तिची अर्धी बाजू घेतली गेली आणि काटकोन त्रिकोण आपोआप समोर आला: अर्धव्यास हा कर्ण, अर्धी जीवा ही कोनासमोरील बाजू.

या अर्ध्या जीवेचं नाव ज्या, म्हणजे धनुष्याची दोरी. हा शब्द अरबीतून लॅटिनमध्ये जाताना त्याचा साइन कसा झाला, ते बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्रिज्या हा शब्द. आपण तो शाळेपासून वापरतो, पण त्यातला ‘त्रि’ कुठला, हे कुणी सांगत नाही. तो तीन राशींचा आहे. एक रास 30 अंशांची, तीन राशी म्हणजे 90 अंश. त्रिज्या म्हणजे 90 अंशांची ज्या, आणि ती अर्धव्यासाइतकीच भरते. साइन 90° = 1 हे आपण वेगळं पाठ करतो; ते आपल्याच शब्दात आधीपासून लिहिलेलं आहे, फक्त 1 च्या जागी त्रिज्या आहे. लॅटिन लेखकही याच लांबीला ‘पूर्ण साइन’ म्हणत.

पण ही त्रिज्या किती धरायची? ग्रीकांनी 60 धरली. इ.स. 499 च्या संस्कृत कोष्टकामागे 3438 आहे, आणि ही निवड फार विचारपूर्वक केलेली आहे. एका अंशाच्या 60 कला, म्हणजे पूर्ण परिघाच्या कला 21,600. त्यांना 2π ने भागलं की जवळजवळ हीच संख्या येते. त्यामुळे चाप (परिघाचा तुकडा) आणि दोरी एकाच मापात मोजता येतात: 225 कलांच्या चापाची ज्याही 225. 30 अंशांची ज्या 1719, म्हणजे 3438 ची बरोबर निम्मी. कर्ण 20 असेल तर त्रैराशिक मांडायचं: 3438 ला 1719, तर 20 ला किती? उत्तर 10. गुणोत्तर इथेच होतं, त्रैराशिकाच्या पोटात. त्याला वेगळं नाव तेवढं नव्हतं.

टॅनचा उगम वेगळा, शंकूच्या म्हणजे उभ्या काठीच्या सावलीतला. युरोपात दशांश अपूर्णांक रुळण्याआधी त्रिज्या 1,00,00,000 इतकी मोठी धरत, म्हणजे सगळ्या किमती पूर्णांकात बसत. 1551 मध्ये छापलेल्या एका कोष्टकात साइन, कॉस, टॅन, कॉट, सेक, कोसेक ही सहाही मापं वर्तुळाचा चाप बाजूला ठेवून थेट काटकोन त्रिकोणाच्या बाजूंवरून सांगितली गेली, तरी ती अजून लांब्याच होती. 1614 ची लॉगॅरिथमची (गुणाकाराऐवजी बेरीज करू देणाऱ्या संख्यांची) पहिली छापील कोष्टकंही साइनचीच होती, कारण मोठमोठे गुणाकार तिथेच करावे लागत. 1748 मध्ये त्रिज्या 1 धरून साइनला निव्वळ संख्या मानण्याची रीत प्रभावीपणे मांडली गेली. शालेय पुस्तकांत लांबी की गुणोत्तर हा वाद त्यानंतरही, 19व्या शतकात चालू राहिला.

गुणोत्तर जिंकलं ते योग्यच झालं. उंची-अंतराचं उदाहरण त्याने दोन ओळींत सुटतं. पण वर्तुळ पहिल्या धड्यातून गेलं, याची किंमत साइन 120° शी गाठ पडते तेव्हा मोजावी लागते. तिथे काटकोन त्रिकोण उरत नाही, ज्या मात्र उरते.

1972 मध्ये साइन, कॉस, टॅन देणारा खिशातला कॅल्क्युलेटर आला आणि कोष्टकं अडगळीत गेली. सेक आणि कोसेकचा रोजचा वापरही आटला, कारण ते होते भागाकार टाळून गुणाकार करता यावा म्हणून. आजच्या कॅल्क्युलेटरवर अंशांऐवजी रेडियनची (अर्धव्यासाइतक्या लांबीच्या चापाच्या कोनाची) कळ दाबली गेली, तर तो साइन 30 ची किंमत 0.5 ऐवजी सुमारे −0.988 दाखवतो. एका रेडियनच्या कला सुमारे 3438.