विद्युत प्रज्योतीचे वर्गातील प्रात्यक्षिक

उच्च विद्युत दाबामुळे दोन अग्रांमधील हवेचे आयनीभवन होऊन, म्हणजे तिचे कण विद्युतभारित होऊन, तिच्यातून प्रवाह वाहू लागला, की क्षणभर चमकून विझते ती ठिणगी आणि टिकून राहते ती प्रज्योत, म्हणजेच आर्क. समुद्रसपाटीवरील कोरड्या हवेत यासाठी दर सेंटिमीटरला सुमारे 30,000 व्होल्ट लागतात. सुमारे 560 मीटर उंचीवरील पुण्यात हवा विरळ असल्याने हा आकडा किंचित कमी भरतो, पण वर्गात तो फरक जाणवत नाही.

ठिणगी दाखवण्यासाठी शाळांमध्ये स्थिर विद्युत निर्माण करणारी यंत्रे वापरतात: फिरत्या पट्ट्याचे व्हॅन डी ग्राफ जनित्र किंवा फिरत्या चकत्यांचे विम्सहर्स्ट यंत्र. राष्ट्रीय विज्ञान दिनी, म्हणजे 28 फेब्रुवारीला, पुण्याच्या कोरड्या हवेत ही यंत्रे उत्तम चालतात, तर जुलैत तीच रुसून बसतात. दमट हवा वीज वाहून नेते, असे याचे कारण सर्रास सांगितले जाते, पण ते बरोबर नाही; काच, अ‍ॅक्रिलिक व पट्टा यांच्यावर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि साठलेला प्रभार त्यावरून निसटतो. यंत्र कोरड्या फडक्याने पुसून हेअर ड्रायरने वाळवले, की ते पुष्कळदा पुन्हा चालू लागते.

प्रज्योतीसाठी ‘जेकब्ज लॅडर’ ही रचना सर्वांत बोलकी ठरते. खाली काही मिलिमीटर अंतरावर असलेल्या आणि वर फाकत जाणाऱ्या दोन उभ्या तारांना निऑन पाट्यांचा, साधारण 10,000 ते 15,000 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जोडतात. प्रज्योत सर्वांत अरुंद जागी पेटते, तापलेली हवा तिला वर उचलते, ती ताणत ताणत तुटते आणि तळाशी नव्याने पेटते. या वेळी येणारा उग्र वास ओझोनचा असतो.

धोका ठिणगीच्या लांबीवरून ओळखता येत नाही. व्हॅन डी ग्राफ जनित्र लाखो व्होल्ट निर्माण करत असले, तरी त्याचा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा लागतो. निऑन ट्रान्सफॉर्मरचा सुमारे 30 मिलिअँपिअर प्रवाह मात्र जीव घेऊ शकतो. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत विजेचे सुटे भाग मिळतात म्हणून घरच्या घरी जुळणी करण्याचा मोह होतो, पण भंगारातील मायक्रोवेव्हचा सुमारे 2,000 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर याहून कित्येक पट प्रवाह देतो आणि वर्गात तो मुळीच वापरू नये. पुरवठ्याच्या बाजूला बसवलेला आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम (उच्च दाबाच्या) वेटोळ्याच्या धक्क्यापासून वाचवत नाही, कारण दोन्ही वेटोळी विद्युतदृष्ट्या अलग असतात. म्हणून तारांभोवती हवा खेळेल असे पारदर्शक आवरण, शिक्षकाच्या हाताशी असलेला स्विच आणि पेसमेकर बसवलेल्या व्यक्तींना दूर ठेवणे, या गोष्टी प्रयोगापूर्वीच पाहाव्या लागतात.